संगमेश्वरात ‘ईश्वर’ का सापडत नाही?

१/
संगमेश्वर म्हटले की इतिहासप्रेमी वाचकाला फेब्रुवारी १६८९ आठवतो : मुकर्रबखानाची धाड आणि छत्रपती संभाजी महाराजांची कैद. या धाग्याचा विषय मात्र ती घटना नसून ते नाव आहे. वेबपानांची सजावट लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सॅस’ या भाषेला ‘संगमेश्वर’ हा शब्द द्यावा आणि त्यात ‘ईश्वर’ कितव्या स्थानी आहे असे विचारावे. उत्तर येते ‘नल’, म्हणजे कोठेच नाही. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरील ईश्वरावरून ज्या गावाला नाव मिळाले, त्या नावात यंत्राला ईश्वर दिसत नाही. असे का होते, याचे उत्तर बोरू, शिशाचे खिळे, टंकयंत्र आणि संगणक यांच्या इतिहासात दडलेले आहे. (धागा)

२/
प्रथम सॅसची ओळख. वेबपानाचा मजकूर एका ठिकाणी आणि त्याचे रंगरूप दुसऱ्या ठिकाणी लिहावे, ही कल्पना होकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली. तिच्यातून सीएसएस जन्मास आली व डिसेंबर १९९६मध्ये तिचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. ही भाषा सोपी होती, पण तिला स्मरण नव्हते. एकच रंग शंभर ठिकाणी हवा असेल तर तो शंभर वेळा लिहावा लागे. २००६मध्ये हॅम्प्टन कॅटलिन यांनी या उणिवेवर सॅस ही भाषा रचली आणि नॅटली वाइझेनबॉम यांनी ती पुढे वाढवली. सॅसमध्ये लिहिलेला मजकूर ब्राउझरपर्यंत जाण्याआधीच सीएसएसमध्ये रूपांतरित होतो. म्हणून तिला प्रीप्रोसेसर म्हणतात.

३/
अवतरणचिन्हांत ठेवलेल्या शब्दाला किंवा वाक्याला संगणकाच्या परिभाषेत ‘स्ट्रिंग’ म्हणतात : चिन्हांची माळ. मार्च २०१४मध्ये आलेल्या सॅसच्या ३.३ या आवृत्तीत ही माळ हाताळणारी चार फंक्शने दाखल झाली. ‘स्ट्र-लेंग्थ’ माळेची लांबी सांगते. ‘स्ट्र-इंडेक्स’ एका माळेत दुसरी कोठून सुरू होते ते शोधते. ‘स्ट्र-स्लाइस’ माळेचा हवा तो तुकडा कापून देते. ‘स्ट्र-इन्सर्ट’ नेमक्या जागी नवे चिन्ह ओवते. मोजणे, शोधणे, कापणे आणि ओवणे ही ती चार कामे. चारही वरवर निरुपद्रवी दिसतात, परंतु चारही एकाच गृहीतकावर उभी आहेत : माळेतील एक मणी म्हणजे काय, हे आधीच ठरलेले आहे.

४/
हे गृहीतक सॅसहून बरेच जुने आहे. आरंभीचा संगणक हे आकडेमोडीचे यंत्र होते. १९५७ची फोरट्रान भाषा गणितासाठी घडवलेली होती. मजकुराच्या माळा हाताळणारी कॉमिट ही भाषा व्हिक्टर इंग्वे यांनी एमआयटीत त्याच सुमारास आखली. पुढे १९६२मध्ये बेल प्रयोगशाळेत स्नोबॉल भाषेचा आरंभ झाला. या साऱ्या खटाटोपात डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. एक कळ, एक संकेतांक, एक अक्षर असे तिचे सरळ समीकरण होते. इंग्रजीपुरते ते बहुतांशी खरे ठरले आणि पुढील पिढ्यांच्या भाषांनी ते वारशाने घेतले.

५/
आता संगमेश्वराची लांबी पाहू. शाळकरी मूलही पाच अक्षरे मोजील : सं, ग, मे, श्व, र. सॅस मात्र नऊ म्हणते. तिचे मणी असे : स, अनुस्वार, ग, म, मात्रा, श, हलन्त, व, र. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. वाचक अक्षरे मोजतो, सॅस संकेतांक मोजते. ‘रत्नागिरी’ची गंमत अशी की तेथेही संकेतांक नऊच भरतात, अक्षरे मात्र चार : र, त्ना, गि, री. पाच अक्षरांचे तालुक्याचे नाव आणि चार अक्षरांचे जिल्ह्याचे नाव यंत्राच्या दृष्टीने सारख्याच लांबीचे आहे.

६/
याहून निराळी तिसरी मोजणीही आहे. आज वेबवर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट जागा घेतो. संगमेश्वर या हिशेबाने २७ बाइटांचे होते. सॅस प्रथम ज्या रुबी भाषेत लिहिली गेली, तिच्या १.८ आवृत्तीत शब्दाची लांबी बाइटांतच मोजली जात असे. पाच, नऊ की सत्तावीस? एकाच नावाच्या तीन लांब्या पाहून वाचक गोंधळेल. परंतु मराठी लेखनाच्या इतिहासात हा गोंधळ नवा नाही. ‘एक’ कशाला म्हणावे, हे प्रत्येक काळाच्या लेखनसाधनाने नव्याने ठरवले आहे.

७/
१६८९च्या संगमेश्वरापासूनच आरंभ करावा. त्या काळचा मराठी कारभार मोडी लिपीत चाले. लेखक आधी कागदावर आडवी शिरोरेषा ओढी आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. ह्रस्व-दीर्घ वेलांटीचा भेदही बहुधा पाळला जात नसे. मोडीत लेखनाचे एकक होते ती पूर्ण ओळ. शब्द कोठे संपतो हे वाचणाराने अर्थावरून ओळखायचे. म्हणूनच आज मोडी कागद वाचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला अक्षरे कळू लागली तरी शब्द तोडताना अडखळावे लागते.

८/
या अडचणीची तुलना सॅसच्या ‘स्प्लिट’ या फंक्शनाशी करता येते. २०२२मध्ये आलेले हे फंक्शन एखाद्या खुणेपाशी माळ तोडून तिचे तुकडे देते, मग ती खूण मोकळी जागा असो, स्वल्पविराम असो वा रेघ असो. मोडीच्या ओळीत अशी खूणच नाही. तेथे माळ तोडायची तर भाषा यावी लागते, नुसती चिन्हे ओळखून भागत नाही. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले जून २०१४मध्ये, सॅसला ही चार फंक्शने मिळाली त्याच वर्षी. मोडीचे संकेतांक मूळच्या मर्यादेपलीकडील विभागात असल्याने जावास्क्रिप्ट प्रत्येक मोडी चिन्ह दोन म्हणून मोजते. मोडीतील संगमेश्वर तेथे अठरा लांबीचे होते. आजची सॅस मात्र तेही नऊच मोजते.

९/
मग आले शिसे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५मध्ये श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे तेथेच मोडीचेही खिळे पाडले गेले, परंतु छापखान्यात टिकली ती बाळबोधच. सलग वळणाची मोडी सुट्या खिळ्यांत बसवणे अवघड होते. सुटी उभी राहणारी बाळबोध अक्षरे त्या मानाने सोयीची होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मागे पडली, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. लेखनाचे एकक ओळीवरून खिळ्यावर आले.

१०/
पण एक खिळा म्हणजे एक अक्षर असे देवनागरीत होईना. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार धरून जुळाऱ्याला कित्येकशे खिळे हाताशी ठेवावे लागत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांवर पुष्कळ काम केले आणि तेथे तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा करून मराठी-संस्कृत छपाईला देखणे रूप दिले. अक्षर आणि त्याच्या वरखालची चिन्हे निरनिराळ्या खिळ्यांनी जोडण्याच्या रीतीला छपाईवाले ‘डिग्री’ म्हणत. त्या रीतीने ‘मे’ जुळवताना म आणि मात्रा हे दोन वेगळे खिळे येत. ‘मे’ म्हणजे दोन मणी हा सॅसचा हिशेब त्या जुळाऱ्याला मुळीच नवलाचा वाटला नसता.

११/
खिळ्यांची ही गर्दी कमी करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. त्यांतील एक थेट रत्नागिरीत आकारास आला. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि या काळात त्यांनी नागरी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र स्वरचिन्हे सोडून ‘अ’लाच वेलांट्या-उकार लावावेत, म्हणजे अि, अी, अु, अू असे लिहावे, ही त्यातील ठळक सूचना. यंत्राच्या सोयीसाठी लिपीचे घटक कमी करण्याचा हा विचार होता. मराठी लेखनाने तो सर्वमान्य केला नाही. परंतु त्याचा एक परिणाम मोजून पाहता येतो : ‘ईश्वर’ पाच संकेतांकांचा आहे, तर ‘अीश्वर’ सहांचा. खिळे घटतात, माळ मात्र लांबते.

१२/
टंकयंत्राने आणखी एक पेच आणला. ‘गिरी’मधला ‘गि’ लिहिताना ह्रस्व वेलांटी डावीकडे येते, उच्चार मात्र आधी ग आणि मग इ असा. जुळारी डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने खिळे लावी. रेमिंग्टन पद्धतीच्या टंकयंत्रावरही वेलांटी आधी आणि ग नंतर टंकला जाई. क्रम डोळ्यांचा होता. आजच्या संगणकात तो क्रम कानाचा आहे : आधी ग साठवला जातो, मग वेलांटी, आणि पडद्यावर ती डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम फॉन्ट व मजकूर रचणारी यंत्रणा करते. ‘चिपळूण’चा पहिला तुकडा सॅसकडे मागितला तर ‘च’ मिळतो, वेलांटी मागे राहते. डोळ्यांना जे पहिले दिसते ते माळेत दुसरे आहे.

१३/
संगणकावर मराठी आली तेव्हाचा एक टप्पा आज विस्मरणात गेला आहे. अनेक वर्षे मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांवर विसंबून साठवला जाई. आत रोमन अक्षरांचे संकेतांक, वर देवनागरीचा पोशाख. फॉन्ट काढला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरत. येथे सॅसचे ‘टू-अपर-केस’ हे फंक्शन आठवावे. ते लहान लिपीतील रोमन अक्षरे मोठी करते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने आजच्या ‘संगमेश्वर’ला त्याचा काहीही स्पर्श होत नाही. त्या जुन्या पोशाखी मजकुरावर मात्र ते चालवले असते तर अक्षर न् अक्षर बदलून सारा मजकूर नासला असता.

१४/
‘अपर-केस’ हा शब्द स्वतःच छापखान्यातला आहे. युरोपातील जुळारी खिळे लाकडी खणांच्या पेट्यांत ठेवी. मोठ्या लिपीची अक्षरे वरच्या पेटीत, लहान लिपीची खालच्या. पेटीला इंग्रजीत ‘केस’ म्हणत, त्यावरून वरची केस आणि खालची केस. पेट्या गेल्या, शिसे गेले, नाव मात्र सॅसच्या फंक्शनापर्यंत टिकले. देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर दोनांहून अधिक पेट्या मांडलेल्या असत, पण त्यांच्या मांडणीत लहान-मोठे असे काही नव्हते. संकल्पना रोमन छापखान्याची असल्याचे यावरून ध्यानात येते.

१५/
पोशाखाऐवजी अक्षरालाच संकेतांक द्यावा, या दिशेने भारतात झालेल्या कामाला ‘जिस्ट’ या नावाने ओळखतात. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकाराने ते आरंभले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यातील तत्त्व असे की भारतीय लिप्यांची रूपे भिन्न असली तरी त्यांची वर्णरचना एका घाटाची आहे. म्हणून व्यंजन, स्वर, स्वरचिन्ह आणि हलन्त यांना संकेतांक द्यावेत, जोडाक्षरांना देऊ नयेत. या विचारातून ‘इस्की’ हे प्रमाण आले. १९८८चे त्याचे रूप १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून सुधारले गेले. ‘श्व’ला स्वतंत्र जागा नाही. श, हलन्त, व असा त्याचा उच्चारक्रम साठवायचा.

१६/
ऑक्टोबर १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीचा १२८ जागांचा विभाग १९८८च्या इस्कीवरच बेतलेला होता. ‘स’ला तेथे २३६० हा क्रमांक मिळाला. ‘ई’ या स्वराला २३१२ आणि ‘े’ या मात्रेला २३७५. विंडोज २०००सोबत आलेल्या, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या ‘मंगल’ फॉन्टने हे संकेतांक असंख्य भारतीय पडद्यांवर अक्षररूपात उमटवले. आजची सॅस ज्या नऊ मण्यांचा हिशेब देते, ते मणी येथे ठरले. आणि आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही याच क्रमांकांत आहे.

१७/
संगम आणि ईश्वर यांचा संधी होतो तेव्हा अ + ई = ए. व्याकरणात याला गुणसंधी म्हणतात. ‘संगम’मध्ये चार संकेतांक, ‘ईश्वर’मध्ये पाच. दोन्ही नुसते शेजारी ठेवले तर ‘संगमईश्वर’ : नऊ. संधी केला तर ‘संगमेश्वर’ : पुन्हा नऊच! लांबी तीच राहिली, कारण २३१२ गेला आणि त्याच्या जागी २३७५ आला. ‘म’मधील ‘अ’ला स्वतःचा संकेतांकच नसतो, त्यामुळे त्याचे जाणे माळेत दिसत नाही. कानाला दोन स्वरांचा एक झालेला ऐकू येतो, यंत्राला फक्त एका आकड्याच्या जागी दुसरा दिसतो. ‘ई’ उरलाच नाही, मग ‘ईश्वर’ सापडणार कोठून?

१८/
एका चिन्हाच्या जागी दुसरे आणणे ही कल्पना भारतीय व्याकरणपरंपरेत फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत वर्णांच्या जागी येणारा तो आदेश, नव्याने मिळणारा तो आगम आणि नाहीसा होणे म्हणजे लोप. त्यांचे नियम लिहिण्याची रीतही विलक्षण काटेकोर आहे. कशाच्या जागी ते षष्ठी विभक्तीने, कशाच्या आधी ते सप्तमीने आणि कशानंतर ते पंचमीने सांगितले जाते. फंक्शनाला नेमके घटक ठरलेल्या क्रमाने पुरवावेत तशी ही विभक्तींची वाटणी आहे. पी. झी. इंगरमन यांनी १९६७मध्ये सुचवले होते की प्रोग्रॅमिंग भाषांची रचना सांगणाऱ्या बॅकस पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे. याचा अर्थ आधुनिक संगणकभाषा पाणिनीपासून निघाल्या असा होत नाही. एकाच प्रश्नाला दोन काळांत मिळालेली उत्तरे एकमेकांसारखी दिसतात, इतकेच.

१९/
या परिभाषेत सॅसचे ‘स्ट्र-इन्सर्ट’ म्हणजे आगम. आदेशासाठी मात्र त्या २०१४च्या संचात तयार फंक्शन नव्हते. लोक ते स्वतः घडवीत. आधी इंडेक्सने जागा शोधायची, स्लाइसने तेथपर्यंतचा तुकडा कापायचा, नवे चिन्ह जोडायचे, उरलेल्या तुकड्यावर पुन्हा तेच करायचे, आणि ‘नल’ आले की थांबायचे. पाणिनीचा नियम आणि हे फंक्शन यांत एक मूलभूत भेद आहे. पाणिनी उच्चारित वर्णांवर काम करतो, सॅस लिखित संकेतांकांवर. संधी उच्चारात घडतो, म्हणून तो संकेतांकांत शोधताना आधी भाषेचे नियम यंत्राला शिकवावे लागतात.

२०/
आता कापून पाहू. सॅस माळ मोजताना एकपासून आरंभ करते, जावास्क्रिप्टसारखी शून्यापासून नव्हे. ‘संगमेश्वर’चा १ ते ४ हा तुकडा मागितला तर ‘संगम’ असा निर्दोष शब्द हाती येतो. मात्रा दूर होताच ‘म’ला त्याचा ‘अ’ आपोआप परत मिळतो. ५ ते ९ मागितले तर ‘ेश्वर’ येते : आधार गमावलेली मात्रा, जिच्याखाली पडदा बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. १ ते ७ घेतल्यास ‘संगमेश्’ असा पाय मोडलेला शब्द उरतो, आणि उरलेला तुकडा असतो ‘वर’. तो मात्र मराठीतला अर्थपूर्ण शब्द आहे! यंत्राने जोडाक्षर मधोमध कापले आणि तरीही अर्थाचा आभास निर्माण झाला. चूक उघडी दिसते तेथे ती सुधारता येते. अशी सजलेली चूक लक्षातच येत नाही.

२१/
शोधण्याचे आणखी दोन सापळे. संस्कृत वळणाने ‘सङ्गमेश्वर’ लिहिले तर संकेतांक दहा होतात आणि ते ‘संगमेश्वर’शी जुळत नाही. वाचणाराला दोन्ही एकच गाव. दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. ‘ॲप’मधील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधी अ आणि अर्धचंद्र जोडून ते लिहिले जाई. आजही दोन्ही प्रकार चलनात आहेत. डोळ्यांना ते एकच दिसतात, पण स्ट्र-लेंग्थ एकाला दोन म्हणते, दुसऱ्याला तीन. युनिकोडचे प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत, कारण नियमानुसार ते समान मानलेलेच नाहीत.

२२/
याउलट काही ठिकाणी लांबी सारखी आणि शब्द मात्र निराळे. संगमेश्वर तालुका सह्याद्रीच्या दऱ्यांत आहे, आणि त्याची शास्त्री नदी पश्चिमेला दर्याला मिळते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : दोहोंत पाच-पाच संकेतांक. भेद आहे तो ‘र’च्या एका रूपाचा. हा अर्धा ‘ऱ’ मराठीचा खास ठेवा. जो फॉन्ट किंवा जो संगणकतज्ज्ञ त्याला क्षुल्लक समजेल, तो डोंगरातील दरी आणि समुद्र यांतला भेद पुसून टाकील. अनुभवी जुळाऱ्याला हे दोन खिळे वेगळे ठेवायचे हे पक्के ठाऊक असे.

२३/
वाचकाची पाच अक्षरे यंत्राला कधी कळली? युनिकोडने ‘वाचकाला एक वाटणारे अक्षर’ ओळखण्याचे नियम फार पूर्वीच केले होते. पण त्यांत श् आणि व यांच्यामध्ये तोड पडे, त्यामुळे संगमेश्वराचे सहा तुकडे होत : सं, ग, मे, श्, व, र. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड राखणारा नियम आला आणि सहांचे पाच झाले. शाळकरी मुलाची मोजणी प्रमाणग्रंथात उतरायला युनिकोडच्या जन्मापासून सुमारे बत्तीस वर्षे लागली.

२४/
हे सारे महत्त्वाचे का? समजा, कोणी रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांचा नकाशा वेबवर करतो आहे : मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. प्रत्येक नावाचे पहिले अक्षर तो स्लाइसने काढून चौकटीत बसवतो. दापोलीचा ‘द’, खेडचा ‘ख’, गुहागरचा ‘ग’ मिळतो. शब्दकोशातल्या वर्णानुक्रमासाठी हे योग्य आहे. ओळखचिन्ह म्हणून मात्र ‘दा’, ‘खे’, ‘गु’ हवे होते. सॅसमध्ये अशी चूक झाली तर फार तर चौकट विद्रूप दिसते. तीच समजूत शोधयंत्रात किंवा नोंदवहीत शिरली तर नोंद असूनही गाव सापडत नाही, माणूस यादीत असूनही नसल्यासारखा होतो.

२५/
उपाय अवघड नाहीत. गावांची आणि माणसांची नावे सजावटीच्या फाइलीत ठेवू नयेत, मजकुरातच ठेवावीत. सॅसची माळफंक्शने वर्गनावे, मार्ग, एकके अशा रोमन खुणांपुरती वापरावीत, कारण त्यासाठीच ती घडवलेली आहेत. देवनागरी कापणे भागच असेल तर अक्षराच्या सीमा ओळखणारे साधन वापरावे. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल-सेगमेंटर’ हे काम करतो, मात्र तो नव्या नियमाचा आहे ना हे पाहून घ्यावे. दोन नावांची तुलना करण्याआधी दोन्हींचे लेखन एका वळणावर आणावे. आणि प्रत्येक फंक्शनाची चाचणी एकदा तरी जोडाक्षर, अनुस्वार व ह्रस्व वेलांटी असलेल्या नावावर घ्यावी.

२६/
शेवटी ईश्वराचा शोध. सॅसला ‘ईश्वर’ऐवजी ‘ेश्वर’ शोधायला सांगावे, मात्रेसकट. संगमेश्वरात तो पाचव्या स्थानी मिळतो. चालुक्य राजा कर्णाने बांधले अशी परंपरा सांगणाऱ्या कसब्यातील कर्णेश्वरातही पाचव्याच. याच तालुक्यातील मारळच्या मार्लेश्वरात सहाव्या. ‘गिरि’ आणि ‘ईश’ यांच्या ‘गिरीश’मध्ये मात्र ही युक्ती फसते, कारण तेथे इ आणि ई मिळून ए होत नाही, दीर्घ ई होतो. तेथे शोधायची ती दीर्घ वेलांटी. यंत्राला काय शोधायचे हे सांगणारा व्याकरण जाणत असेल, तर यंत्रही ते शोधून देते. (समाप्त)